ऑर्फन्स ऑफ द स्टॉर्म (१९२१) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डी. डब्ल्यू. ग्रिफिथ या अमेरिकी दिग्दर्शकाने फ्रेंच राज्यक्रांतीवर बेतलेल्या मूकपटाविषयीची ही प्रश्नोत्तरं. मूकपट फारसे न पाहिलेला, पण पाहायची इच्छा असलेला वाचक डोळ्यांसमोर ठेवला आहे. उत्तरांमध्ये चित्रपटाचा शेवटही आला आहे. तो आधी कळायला नको असेल तर चित्रपट पाहून मग इकडे या.

चित्रपटाची जुजबी माहिती सांगाल का?

पहिला खेळ २८ डिसेंबर १९२१ रोजी बॉस्टनमध्ये झाला. न्यूयॉर्कमध्ये चित्रपट ३ जानेवारी १९२२ रोजी लागला. वितरण युनायटेड आर्टिस्ट्सचं, म्हणजे चार्ली चॅप्लिन, मेरी पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स आणि खुद्द ग्रिफिथ यांनी १९१९ मध्ये मिळून काढलेल्या कंपनीचं. पटकथाकार म्हणून गॅस्टन द तोलिन्याक असं भारदस्त फ्रेंच नाव दिसतं, ते ग्रिफिथचंच टोपणनाव. लांबी साधारण अडीच तास, प्रतीनुसार थोडी कमीजास्त.

गोष्ट काय आहे?

एका उमराव घराण्यातली मुलगी सामान्य माणसाशी लग्न करते. घरचे तिच्या नवऱ्याला मारून टाकतात आणि तान्ह्या मुलीला पॅरिसच्या नोत्रदाम चर्चच्या पायऱ्यांवर ठेवून देतात. तिथेच एक गरीब बाप पोट भरता येत नाही म्हणून आपलं बाळ सोडायला येतो. थंडीत पडलेलं ते दुसरं लेकरू पाहून त्याचं मन पालटतं आणि तो दोघींना घरी घेऊन जातो. त्याची स्वतःची मुलगी हेन्रिएट, सापडलेली लुईज. सख्ख्या बहिणींनी काय प्रेम करावं इतक्या जिव्हाळ्याने दोघी वाढतात. पुढे साथीत आईवडील जातात आणि लुईजची दृष्टीही जाते.

पॅरिसमध्ये डोळ्यांवर उपचार होतील या आशेने दोघी निघतात. शहरात पाऊल ठेवताच एक लंपट मार्क्विस (बडा उमराव) हेन्रिएटला पळवून आपल्या रंगमहालात नेतो. आंधळी लुईज भर चौकात एकटी उरते आणि फ्रोशार नावाच्या बाईच्या तावडीत सापडते. ही बाई तिला रस्तोरस्ती गाणं म्हणायला लावून भीक मागवते. शेव्हालिए द व्होद्रे हा तरुण उमराव हेन्रिएटला मार्क्विसच्या हातून सोडवतो, दोघांचं प्रेम जमतं. या व्होद्रेची मामी-काकीच्या नात्यातली काउंटेस हीच लुईजची जन्मदात्री, पण हे बराच वेळ कुणालाच ठाऊक नसतं.

मग राज्यक्रांती होते. काल ज्यांच्या गाड्यांखाली माणसं चिरडली जात होती, तेच आज जीव मुठीत धरून लपतात. परागंदा झालेला व्होद्रे परत येतो, हेन्रिएट त्याला आसरा देते, आणि दोघांनाही गिलोटिन या यंत्राखाली शिरच्छेदाची शिक्षा होते. क्रांतीचा पुढारी डांटन न्यायालयाचं मन वळवून माफीचा हुकूम मिळवतो आणि घोडेस्वार घेऊन वधस्तंभाकडे दौडत सुटतो. हेन्रिएट वाचते, बहिणी भेटतात, लुईजला दिसू लागतं.

हे मूळ नाटक होतं ना?

हो. आदोल्फ देनरी आणि यूजीन कोर्मों या जोडीचं ‘दोन अनाथ मुली’ अशा अर्थाच्या नावाचं नाटक १८७४ मध्ये पॅरिसमध्ये आलं आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कलाही पोचलं. अमेरिकेत ते वर्षानुवर्षं चाललं. आंधळ्या लुईजची भूमिका करणारी केट क्लॅक्सटन त्या एका भूमिकेमुळे घराघरांत पोचली. ५ डिसेंबर १८७६ च्या रात्री ब्रुकलिन थिएटरमध्ये हेच नाटक चालू असताना शेवटच्या अंकात रंगमंचावरच्या पडद्यांनी पेट घेतला. वरच्या स्वस्त जागांवरच्या प्रेक्षकांना जिन्यातून बाहेर पडताच आलं नाही. पावणेतीनशेच्या वर माणसं गेली. क्लॅक्सटन तेव्हा रंगमंचावर होती आणि वाचली.

ग्रिफिथच्या आधीही अमेरिकेत या नाटकावर चित्रपट निघाले होते. १९१५ च्या चित्रपटात थीडा बारा होती. तो आता उपलब्ध नाही.

ग्रिफिथच्या मनात त्या वेळी खरं तर ‘फाउस्ट’ होतं. दोन अनाथ मुलींचं हे नाटक हेन्रिएट झालेल्या लिलियन गिशने सुचवलं. न्यूयॉर्कमधल्या इटालियन रंगभूमीवर त्याचा प्रयोग होत असे, आणि त्याच रंगभूमीवरून फ्रँक पुलिया हा नटही चित्रपटात आला. फ्रोशार बाईचा लंगडा, सज्जन मुलगा पिएर ही त्याची भूमिका.

मूळ नाटकात राज्यक्रांती आहे का?

नाही. नाटक राज्यक्रांतीच्या आधीच्या फ्रान्समध्ये सुरू होतं आणि तिथेच संपतं. क्रांती ग्रिफिथने आणली, आणि ती आणताना त्याच्यासमोर दोन इंग्रजी पुस्तकं होती: डिकन्सची ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ ही कादंबरी आणि कार्लाइलचा राज्यक्रांतीचा इतिहास. मार्क्विसच्या गाडीखाली गरिबाचं मूल येतं आणि तो आधी घोड्यांची चौकशी करतो, हा प्रसंग सरळ डिकन्सकडून आला आहे.

हा बदल मला दिग्दर्शकाचा मोठा निर्णय वाटतो. दोन मुलींची ताटातूट घरगुती राहिली असती, ती एका अख्ख्या शहराच्या उलथापालथीत नेऊन ठेवली. वियोगाचं कारण आता एखादा दुष्ट माणूस एवढंच उरत नाही. उमरावांच्या राज्यात हेन्रिएट गजाआड जाते आणि जनतेच्या राज्यातही तीच गजाआड जाते. गरीब मुलीच्या वाट्याला दोन्ही राजवटींत तुरुंगच येतो, एवढं तरी हा चित्रपट नीट पाहतो.

ज्याच्याविषयी सगळे बोलतात तो खिडकीचा प्रसंग कोणता?

घाई असेल तर अख्ख्या चित्रपटातला हा एक प्रसंग तरी पाहा.

हेन्रिएट आपल्या भाड्याच्या खोलीत आहे. व्होद्रेचा नाद सोड, हे सांगायला काउंटेस तिच्याकडे आली आहे. बोलता बोलता हेन्रिएट हरवलेल्या बहिणीबद्दल सांगते आणि काउंटेसला हळूहळू उमगत जातं की ही आंधळी मुलगी आपलीच. त्याच वेळी खाली रस्त्यावर फ्रोशार बाई लुईजला ओढत घेऊन येते आणि गायला लावते.

मूकपटात गाणं ऐकू येणार कसं? आपल्याला ते ऐकू येतं लिलियन गिशच्या चेहऱ्यावरून. आधी काहीच नाही, ती बोलतेच आहे. मग डोळे एका जागी थांबतात. ती बोलणं सोडत नाही, पण तिचं लक्ष शब्दांवरून उडालेलं दिसतं. क्षणभर वाटतं की तिने तो भास म्हणून झटकून टाकला. मग पुन्हा तोच आवाज येतो आणि या वेळी चेहरा आतून उजळत जातो, तरी अजून विश्वास बसत नाही, जरा हललं तर आवाज विरेल अशी भीती त्यात असते. ग्रिफिथ खाली गाणारी लुईज आणि वर ऐकणारी हेन्रिएट अशी आलटून पालटून दाखवतो. घाई अजिबात करत नाही. ती खिडकीशी धावते, खाली वाकून हाका मारते. लुईज आवाजाच्या दिशेने मान वर करते, हात हवेत चाचपडतात. दोघींमध्ये अंतर एका जिन्याचं.

आणि दारात शिपाई उभे राहतात, काउंटेसच्या नवऱ्याच्या, म्हणजे काउंटच्या हुकमाने हेन्रिएटला पकडायला. खाली फ्रोशार बाई लुईजला खेचून नेते.

जे ऐकू येत नाही ते चेहऱ्यावरून ऐकवायचं, हे मूकपटाचं खास बळ या प्रसंगात पुरतं वापरलं आहे. बोलपटात इथे खरंखुरं गाणं वाजलं असतं आणि आपण त्या गाण्याच्या चालीत अडकलो असतो.

गिश बहिणी प्रत्यक्षातही बहिणीच होत्या का?

सख्ख्या बहिणी. लिलियन (१८९३–१९९३) मोठी, ती हेन्रिएट. डोरोथी (१८९८–१९६८) धाकटी, ती लुईज. दोघी १९१२ मध्ये मेरी पिकफर्डच्या ओळखीने ग्रिफिथकडे आल्या. सुरुवातीला त्याला दोघी वेगळ्या ओळखू येत नसत म्हणून त्याने त्यांना वेगवेगळ्या रंगांच्या रिबिनी बांधायला लावल्या, असं लिलियनने आठवणींमध्ये सांगितलं आहे.

डोरोथीची ख्याती विनोदी भूमिकांसाठी होती, त्यामुळे तिचं इथलं काम थोडं झाकोळलं जातं. ते बरोबर नाही. आंधळी व्यक्ती म्हणून ती डोळे विस्फारून बसत नाही. मान किंचित वाकडी ठेवून, कानांनी वाट शोधत ती चालते. लोकांना जास्त कीव यावी म्हणून फ्रोशार बाई तिच्या अंगावरची शाल काढून घेते, त्या प्रसंगात तिच्या खांद्यांकडे पाहा.

ग्रिफिथबरोबर दोघींचा हा शेवटचा चित्रपट. लिलियन पुढे १९८७ पर्यंत चित्रपटांत काम करत राहिली.

बाकी कलाकारांमध्ये कुणाकडे लक्ष द्यावं?

फ्रोशार बाई झालेल्या लुसील ला व्हर्नकडे. डिस्नेच्या १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’मधल्या दुष्ट राणीला आणि चेटकिणीला याच बाईंचा आवाज आहे. व्होद्रे झालेल्या जोसेफ शिल्डक्राउटला पुढे एमिल झोलावरच्या चित्रपटातल्या ड्रेफसच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. मोंटी ब्लूचा डांटन रांगडा, मोठ्या आवाजाचा वाटतो, आणि हे मूकपटात जमवणं सोपं नाही.

चित्रीकरण पॅरिसमध्ये झालं का?

नाही. न्यूयॉर्कजवळच्या ममारोनेक इथे समुद्रकाठी ग्रिफिथचा स्टुडिओ होता, तिथे अठराव्या शतकातलं पॅरिस उभारलं गेलं. गल्ल्या, चौक, बॅस्टिलचा तुरुंग, गिलोटिनचं मैदान, सगळं. आपल्याकडे पुढे कोल्हापूर-पुण्याच्या स्टुडिओंमध्ये जशा राजवाड्यांच्या भिंती उभ्या राहत, तसंच हे काम, फक्त कित्येक पटींनी मोठं. जमावाचे प्रसंग पाहताना कळतं की पैसा कुठे गेला. लिलियनच्या क्लोजअपमध्ये कडा विरघळल्यासारख्या दिसतात, ते हेन्रिक सार्टोव्ह या छायाचित्रकाराचं वैशिष्ट्य.

इतिहास म्हणून चित्रपट किती खरा?

वातावरण बऱ्यापैकी खरं, माणसं आणि काळ बराचसा खोटा.

काळापासून सुरुवात करू. बॅस्टिल पडलं १४ जुलै १७८९ ला. राजाचा, सोळाव्या लुईचा, शिरच्छेद झाला २१ जानेवारी १७९३ ला. दहशतीचं राज्य, म्हणजे सर्रास शिरच्छेद झाले तो काळ, १७९३–९४ मधला. मधल्या चार वर्षांत संविधान आलं, परकीयांशी युद्ध पेटलं, राजेशाही गेली, भाकरीचे भाव भडकले. या सगळ्यामुळे माणसं दहशतीपर्यंत कशी पोचली हे समजतं. चित्रपटात ती वर्षं जवळजवळ नाहीतच. त्यामुळे जनता आज मुक्त झाली आणि उद्या रक्ताला चटावली असा समज होतो, आणि तो धादांत चुकीचा आहे.

डांटनचं चित्र तर पार रंगवलेलं आहे. चित्रपट त्याला चक्क फ्रान्सचा अब्राहम लिंकन म्हणतो. खरा डांटन धाडसी होता, अफाट वक्ता होता. पण ज्या क्रांतिकारी न्यायालयाच्या तावडीतून चित्रपटातला डांटन हेन्रिएटला सोडवतो, ते न्यायालय मार्च १७९३ मध्ये स्थापन व्हावं म्हणून आग्रह धरणारा खरा डांटनच होता. सप्टेंबर १७९२ मध्ये पॅरिसच्या तुरुंगांत घुसून जमावाने हजारावर कैदी मारले, तेव्हा न्यायमंत्री तोच होता. पुढे त्याच न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं आणि ५ एप्रिल १७९४ रोजी त्याचंही शिर उडालं. ही शोकांतिका ग्रिफिथच्या हाताशी होती. ती घेतली असती तर चित्रपट आणखी उंचीवर गेला असता, असं मला मनापासून वाटतं.

क्रांतीचा दुसरा पुढारी रोबेस्पिअर इथे निव्वळ कपटी खलनायक आहे. ज्या माणसाने क्रांतीच्या सुरुवातीला फाशीची शिक्षाच रद्द करा म्हणून भाषण केलं, तो पुढे शिरच्छेदांच्या राजवटीचा चेहरा कसा झाला, हा प्रश्न चित्रपटाला पडत नाही.

आणखी एक. गिलोटिनवर फक्त उमरावच गेले, असं हा चित्रपट पाहून वाटतं. त्या काळात फ्रान्सभर शिक्षा होऊन सुमारे १७ हजार माणसं मारली गेली आणि त्यातले बहुतेक सामान्य लोक होते: शेतकरी, कारागीर, मजूर. हेन्रिएटसारखी गरीब मुलगी गाडीतून वधस्तंभाकडे नेली जाते, हे दृश्य म्हणूनच सगळ्या कल्पित कथानकात इतिहासाला सर्वांत धरून आहे.

गरीब आणि ‘बदनाम’ ठरवलेल्या बायकांना डांबून ठेवणारं पॅरिसमधलं सालपेत्रिएर, जिथे अटकेनंतर हेन्रिएटला ठेवतात, तेही खरंच होतं.

सुरुवातीच्या पाटीत बोल्शेविकांचं नाव कसं काय?

प्रेक्षक इथे हमखास चमकतात. अठराव्या शतकातल्या फ्रान्सची गोष्ट सुरू होण्याआधीच पाटी सांगते की फ्रेंच क्रांतीने वाईट सरकार उलथवलं ते योग्यच होतं, पण आपल्या अमेरिकेचं सरकार चांगलं आहे, तेव्हा माथेफिरूंना पुढारी समजून आपली सुव्यवस्था अराजक आणि बोल्शेविझमच्या हवाली करू नका.

यामागे त्या वेळची अमेरिका आहे. १९१७ मध्ये रशियात बोल्शेविक या साम्यवादी पक्षाने क्रांती केली होती. १९१९–२० मध्ये अमेरिकेत साम्यवाद्यांची धास्ती शिगेला पोचली. सरकारने धाडी घालून हजारो लोकांना पकडलं, अनेक स्थलांतरितांना देशाबाहेर घालवलं. सप्टेंबर १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर बॉम्बस्फोटात ३० हून अधिक माणसं मेली. त्या शहरापासून थोड्याच अंतरावर ग्रिफिथने हे पॅरिस बांधलं.

ती पाटी मला चित्रपटावर चिकटवल्यासारखी वाटते. कारण पुढच्या तासाभरात ग्रिफिथ जे दाखवतो ते तिच्याशी भांडतं. रस्त्यावरची उपाशी माणसं, चाकाखाली गेलेलं मूल आणि उमरावांच्या मेजवान्या त्याने इतक्या पोटतिडकीने चितारल्या आहेत की बॅस्टिल पडतं तेव्हा प्रेक्षकाचं मन जमावाच्या बाजूने असतं.

शेवटच्या दौडीबद्दल इतकं का लिहिलं जातं?

एकीकडे गिलोटिनच्या पायऱ्या चढणारी हेन्रिएट, दुसरीकडे माफीचा हुकूम घेऊन भरधाव सुटलेले घोडे. दोन ठिकाणच्या घटना आलटून पालटून दाखवत ताण वाढवायचा, हे ग्रिफिथचं ठेवणीतलं तंत्र. इथे तुकडे जसे आखूड होत जातात तसा आपला श्वासही आखूड होतो. शेवट ठाऊक असूनही.

विशेष म्हणजे बोल्शेविकांविरुद्ध सावध करणाऱ्या या दिग्दर्शकाचं संकलन सर्वांत बारकाईने अभ्यासलं ते सोव्हिएत दिग्दर्शकांनी. आयझेनस्टाइनने १९४४ मध्ये डिकन्स आणि ग्रिफिथ यांच्या नात्यावर मोठा निबंध लिहिला. ग्रिफिथकडे श्रीमंत आणि गरीब अशा दोन रेषा समांतर धावतात, पण त्यांतून तिसरा विचार जन्मत नाही, हा त्याचा आक्षेप. आक्षेप रास्त आहे, आणि ऋणही त्याने मोकळेपणाने मान्य केलं आहे.

फार मेलोड्रामा आहे, असं लोक म्हणतात. खरं का?

खरं आहे, पण त्याला दोष मानू नये. योगायोगांची रेलचेल आहे, खलनायक नखशिखांत काळे आहेत. तरीही हरवलेलं माणूस हाकेच्या अंतरावर असून हाती न लागणं, हे दुःख ज्या ताकदीने इथे येतं ते संयत वास्तववादात येईलच असं नाही. संगीत नाटकांवर पोसलेल्या मराठी प्रेक्षकाला तर ही भाषा परकी वाटू नये.

‘बर्थ ऑफ अ नेशन’ काढणारा ग्रिफिथ तो हाच ना? मग त्याचे चित्रपट पाहावेत का?

हाच. १९१५ च्या त्या चित्रपटाने कृष्णवर्णीयांचं विषारी चित्रण केलं, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेला नायक बनवलं आणि त्या संघटनेच्या पुनरुज्जीवनाला हातभार लावला. त्याने खऱ्या माणसांचं खरं नुकसान केलं आणि त्याची सफाई देता येत नाही. मी ग्रिफिथ पाहतो, शिकतो, आणि त्याचं नाव घेताना ही गोष्टही सांगतो. जमावाविषयीची त्याची भीती या चित्रपटातही दिसते. ती कुठून येते हे माहीत असलं की पाहणं जास्त डोळस होतं.

त्या सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं?

बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये आला होता आणि ‘सिंहगड’ १९२३ मध्ये आला. ऐतिहासिक मूकपट आपल्याकडे त्याच काळात रुजला. फरक असा की ग्रिफिथ इतिहासाचा दाखला देऊन लोकांना क्रांतीपासून सावध करत होता, तर आपल्याकडे इतिहासाच्या आडून स्वराज्याची गोष्ट सांगितली जात होती. १९३० मध्ये प्रभातचा शिवरायांवरचा मूकपट ‘स्वराज्य तोरण’ या नावाने येणार होता. सेन्सॉरला नाव खटकलं आणि शांतारामबापूंना तो ‘उदयकाल’ म्हणून आणावा लागला.

चित्रपट चालला का?

गाजला, पण खर्च इतका झाला होता की ग्रिफिथच्या हाती फारसं काही उरलं नाही. त्याची आर्थिक घसरण पुढे थांबली नाही.

कुठे आणि कोणती प्रत पाहावी?

चित्रपटाचा कॉपीराइट अमेरिकेत संपला आहे. भारतातही प्रकाशनानंतर ६० वर्षांनी तो संपतो. त्यामुळे इंटरनेटवर मोफत प्रती मिळतात. मात्र नव्याने दिलेलं संगीत आणि दुरुस्त केलेल्या आवृत्त्या यांचे हक्क वेगळे असू शकतात, म्हणून कुठे दाखवायचा असेल तर आधी चौकशी करा.

प्रत निवडताना वेग पाहा. मूकपटांचे कॅमेरे हाताने फिरवत, वेग ठरलेला नसे. तीच फिल्म बोलपटाच्या वेगाने चालवली तर माणसं तुरुतुरु पळतात आणि गिशचा अख्खा अभिनय मातीत जातो. लोक पळताना दिसले तर ती प्रत बंद करा, दुसरी शोधा. संगीत नसलेली प्रतही टाळा. त्या काळी हा चित्रपट वाद्यवृंदासह दाखवत, मुका कधीच नव्हता. काही प्रतींत रात्रीला निळा, आगीला तांबडा असे रंग दिसतात, ते मुळातल्या पद्धतीला धरून आहेत.

पाट्या इंग्रजीत आहेत. घरी सगळ्यांसोबत पाहणार असाल तर एकाने त्या मराठीतून मोठ्याने वाचून दाखवाव्यात.

मुलांना दाखवता येईल का?

दहा-बारा वर्षांपुढच्या मुलांना, सोबत बसून. मार्क्विसची मेजवानी आणि गिलोटिनचा प्रसंग याबद्दल आधी कल्पना द्या. अडीच तास एका बैठकीत होणार नाहीत. हेन्रिएटला अटक होते तिथे थांबा आणि उरलेला भाग दुसऱ्या दिवशी लावा.